वेताची जाळी मूळची आहे का?

मिलानमध्ये नाविल्यो ग्रांदे या कालव्याच्या काठी जवळजवळ दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथे १९५० किंवा १९६० च्या दशकातील, लाकडी चौकटीच्या आणि वेताने विणलेल्या जेवणाच्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या की गिऱ्हाईक हमखास दोन प्रश्न विचारते. खुर्चीचा आराखडा कोणाचा, हा पहिला. आणि वेताची जाळी मूळची आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला विक्रेता एखाद्या मोठ्या वास्तुकाराचे नाव मोघमपणे घेऊन वेळ मारून नेतो. दुसऱ्याला मात्र तो ठामपणे होकार देतो, कारण त्या होकाराबरोबर किंमत चढते हे त्याला ठाऊक असते. गेली काही वर्षे या खुर्च्या पाहण्याचा, त्यांतल्या काही घरी आणण्याचा आणि त्या दुरुस्त होताना शेजारी बसून राहण्याचा नाद मला लागला आहे. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की दुसरा प्रश्न विचारण्यातच गफलत आहे, आणि या खुर्च्या कशासाठी आणि कशा बांधल्या गेल्या हे समजून घेतले तर तो प्रश्न विचारावासाच वाटणार नाही.

लाकूड आणि वेत यांचे आयुष्य सारखे नसते. नीट सुकवलेल्या अॅश, बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाची चौकट, सांधे वेळोवेळी सरसाने पक्के करत राहिले तर, शंभर वर्षे सहज टिकते. रोजच्या वापरातील वेताची बैठक मात्र वीस-तीस वर्षांत दमते, आणि कोरड्या, तापवलेल्या खोलीत तर त्याआधीच. खुर्ची बनवणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणूनच त्याने बैठक अशी रचली की चौकटीला धक्का न लावता ती कापून टाकता यावी आणि पुन्हा विणता यावी. बाजेचा काथ्या तुटला म्हणून कोणी बाज मोडीत काढत नाही, आणि नवा काथ्या भरला म्हणून ती बाज नकली ठरत नाही. इतकी साधी ही गोष्ट आहे. साठ वर्षे रोज जेवणाला वापरलेल्या खुर्चीची जाळी मूळची असेल, तर बहुधा ती खुर्ची फारशी वापरलीच गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. तो काही गुण नव्हे.

वेत हा युरोपचा नाहीच. ती आग्नेय आशियाच्या जंगलांत झाडांवर चढत जाणारी, काटेरी आवरणाची, ताडाच्या कुळातील वेल आहे. तिची चकचकीत बाहेरची साल लांब पट्ट्यांमध्ये सोलून काढतात आणि खुर्चीची जाळी विणायला ती वापरतात. आतला गाभा टोपल्या आणि जाड विणकामाकडे जातो. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून हा माल युरोपात येऊ लागला आणि तिकडच्या सुतारांना अशी बैठक मिळाली की जिला ना कातडे लागत होते, ना गादी, ना खिळे. पुढे १८५९ मध्ये मिखाएल थोनेटने वाफेने वाकवलेल्या बीचच्या लाकडाची आपली चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली तेव्हा वेताची गोल बैठक जगभरच्या उपाहारगृहांत पोहोचली. मुंबईच्या इराण्याकडे चहा पिताना ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर आपण बसतो ती त्याच घराण्यातली. इटलीतही या जाळीचे नाव अजून व्हिएन्नाशीच जोडलेले आहे.

इटलीची स्वतःची हलक्या खुर्चीची परंपरा मात्र थोनेटपेक्षा जुनी आहे, आणि ती वेतावर नव्हे तर विलो या लवचिक फांद्यांच्या झाडावर उभी राहिली. जिनोवाच्या पूर्वेला, लिगुरियाच्या किनाऱ्यावर कियावरी नावाचे गाव आहे. तेथील आर्थिक मंडळाचे प्रमुख मार्किस स्तेफानो रिवारोला यांनी पॅरिसहून आणलेल्या खुर्च्यांच्या धर्तीवर काही नवे करून पाहावे असे गावातील एका सुताराला सुचवले. जुझेप्पे गाएतानो देस्काल्त्सी हे त्या सुताराचे नाव. लोक त्याला काम्पानीनो म्हणत. १८०७ च्या सुमारास त्याने जी खुर्ची घडवली तिच्यात फ्रेंच खुर्चीचा जडपणा आणि नक्षी यांना पूर्ण फाटा दिला होता. चेरी किंवा मेपलसारख्या स्थानिक लाकडाचे बोटाएवढे बारीक पाय, त्यांना जोडणाऱ्या तशाच बारीक दांड्या, आणि विलोच्या अतिशय अरुंद पट्ट्यांनी थेट चौकटीवरच विणलेली बैठक, एवढाच तिचा संसार होता. शिल्पकार आंतोनियो कानोव्हाला ही खुर्ची फार आवडली होती. एकोणिसाव्या शतकात ती युरोपच्या राजवाड्यांत गेली आणि कियावरी परिसरात अनेक कारखाने उभे राहिले. मग थोनेटच्या स्वस्त, यंत्रावर बनणाऱ्या खुर्चीने तो सगळा व्यवसाय मागे ढकलला. आज आपल्याकडच्या लग्नांच्या हॉलमध्ये भाड्याने येणारी सोनेरी प्लॅस्टिकची, बारीक दांड्यांच्या पाठीची जी खुर्ची दिसते, ती याच खुर्चीची दूरची आणि बरीच बिघडलेली नात आहे. काम्पानीनोच्या खुर्चीचे खरे वैशिष्ट्य तिची बैठक होती, आणि या नातीला विणलेली बैठकच नाही.

या बैठकीचे बांधकामातले काम काय, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. विणलेल्या बैठकीवर माणूस बसला की जाळी किंचित खाली जाते, आणि तसे होताना चारी बाजूंच्या दांड्यांना ती आत ओढते. समोरची आणि मागची दांडी एकमेकींकडे खेचल्या जातात, बाजूच्या दांड्या त्यांच्यामध्ये दाबल्या जातात, आणि कोपऱ्यांतले सांधे सुटण्याऐवजी घट्ट बसतात. वजन एका ठिकाणी न राहता चौकटभर पसरते. लाकडी फळीची बैठक असे काहीच करत नाही; ती फक्त वर बसून राहते आणि सगळा भार खालच्या लाकडाला सोसावा लागतो. त्यामुळे फळीच्या खुर्चीला लाकूड जास्त लागते आणि विणलेल्या खुर्चीला कमी पुरते. कियावरीच्या सुतारांनी हे गणित करून नव्हे, तर हाताच्या अनुभवाने ओळखले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मिलानमध्ये हा अनुभव पुन्हा उपयोगी पडला. बॉम्बहल्ल्यांत शहराचे मोठे नुकसान झाले होते आणि घरांची टंचाई तीव्र होती. १९४७ चे आठवे मिलान त्रिएन्नाले प्रदर्शन पिएरो बोत्तोनी यांच्या नेतृत्वाखाली घरबांधणीलाच वाहिलेले होते आणि त्यातून क्यूटी-आठ नावाची प्रायोगिक वसाहत उभी राहिली. १९४९ मध्ये सरकारने इना-कासा ही कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना सुरू केली, जी १९६३ पर्यंत चालली. ही घरे लहान होती. जेवणाची खोली वेगळी नसे; टेबल भिंतीला लावायचे, जेवणाच्या वेळी पुढे ओढायचे, खुर्च्या इकडून तिकडे न्यायच्या, असा संसार होता. आजीच्या घरून आलेल्या, कोरीवकामाच्या, दोन हातांनी ढकलाव्या लागणाऱ्या खुर्च्या या घरांत मावत नव्हत्या. हलकी खुर्ची ही तेव्हा गरज होती. तिचे कौतुक नंतर सुरू झाले.

जो पोंती यांनी ही गरज सर्वांत आधी नसली तरी सर्वांत हट्टाने ओळखली. १८९१ मध्ये मिलानमध्ये जन्मलेले, १९२८ मध्ये ‘दोमुस’ मासिक सुरू करणारे आणि पुढे पिरेल्ली मनोऱ्याचे वास्तुकार म्हणून जगाला माहीत झालेले पोंती कियावरीच्या खुर्चीचे उघड चाहते होते. नवी खुर्ची शोधून काढण्याचा आव त्यांनी आणला नाही. जुन्या खुर्चीतून आणखी काय काढून टाकता येईल, एवढेच ते पाहत राहिले. मिलानच्या उत्तरेला ब्रियांत्सा भागात मेदा नावाचे गाव आहे. तेथे १९२७ मध्ये चेझारे आणि उंबेर्तो या बंधूंनी स्थापन केलेला कास्सीना यांचा कारखाना होता, आणि युद्धानंतरच्या काळात जहाजांच्या दालनांसाठी फर्निचर पुरवण्याचा अनुभव त्या कारागिरांच्या गाठीशी होता. पोंती आणि कास्सीना यांनी मिळून १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘लेज्जेरा’ ही ६४६ क्रमांकाची खुर्ची आणली. ती हलकी होती, देखणी होती, खपतही होती. पोंतींचे समाधान झाले नाही.

१९५७ मध्ये आलेल्या ‘सुपरलेज्जेरा’चे, म्हणजे ६९९ क्रमांकाच्या खुर्चीचे, वजन १.७ किलो आहे. हा आकडा वाचून पटत नाही, खुर्ची उचलल्यावरच पटतो. लाकूड अॅशचे, लांब आणि चिवट तंतूंचे, म्हणजे फावड्याच्या आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला युरोपात जे पूर्वापार वापरले जाते तेच. पायांचा छेद गोल किंवा चौकोनी न ठेवता त्रिकोणी केला आणि त्रिकोणाची बाजू जेमतेम १८ मिलिमीटर ठेवली. त्रिकोणी छेदाने लाकूड वाचते हे खरेच, पण डोळ्यांनाही तो पाय प्रत्यक्षाहून बारीक दिसतो, कारण कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्याची एखादी कड सावलीत जाते. मागचे पाय बैठकीच्या वर जाऊन मागे झुकतात आणि तेच पाठीचे दांडे होतात. पाठीला वेगळा तुकडा जोडण्याची गरज उरत नाही. बैठक बारीक वेताची, चौकटीच्या दांड्यांवरून गुंडाळत विणलेली. १८ मिलिमीटरच्या पायात दांडीसाठी खाच पाडायची म्हणजे पायाचे लाकूड फारसे शिल्लक राहतच नाही, त्यामुळे त्या सांध्यांची मापे चुकून चालत नाही, आणि मला विचाराल तर या खुर्चीतील खरे धाडस त्या खाचांत आहे. त्रिकोणी पायांची चर्चा जरा जास्तच होते. जाहिरातीत एक लहान मुलगा ही खुर्ची एका बोटावर उचलताना दाखवला होता. खुर्ची वरच्या मजल्यावरून खाली टाकली तर ती न मोडता उसळली, ही कथाही तिच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. ज्यांच्याकडे ती खुर्ची आहे त्यांपैकी कोणी हा प्रयोग पुन्हा करताना मी पाहिलेले नाही.

सुपरलेज्जेरा आजही कास्सीनाच्या यादीत आहे. जुनी प्रत विकत घेणाऱ्याला त्यामुळे एक सोय होते: नव्या खुर्चीशी तुलना करून मापे, सांधे आणि वजन पडताळता येते. वजनकाटा हे अशा वेळी फार प्रामाणिक साधन ठरते. सुपरलेज्जेरा म्हणून विकायला ठेवलेली खुर्ची तीन किलोंची भरली तर पुढचे बोलणे वाचते.

त्या काळातील सगळ्याच विणलेल्या खुर्च्या वेताच्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. वास्तुकार विको माजिस्त्रेत्ती यांची ‘कारिमाते’ ही खुर्ची कोमोजवळच्या कारिमाते येथील गोल्फ क्लबसाठी १९५९ च्या सुमारास तयार झाली आणि पुढे कास्सीनाने ती बाजारात आणली. तिची बैठक खेड्यातल्या खुर्चीसारखी गवती दोराची आहे, चौकट भडक लाल रंगवलेल्या बीचची आहे, आणि जेथे दांडी पायाला मिळते तेथे पाय मुद्दाम फुगवलेला आहे. पोंतींनी सांधा इतका बारीक केला की तो दिसू नये. माजिस्त्रेत्तींनी तोच सांधा जाड करून समोर मांडला. दोघांचे मूळ मात्र गावातल्या अनाम सुताराच्या खुर्चीत आहे. वास्तुकार फ्रांको अल्बिनी यांची कामे तर वेताच्या सालीऐवजी अख्ख्या वेताच्या काठ्या वाकवून केलेली आहेत; लुरागो दएर्बा येथील बोनाचीना यांच्याकडे बनलेली ‘मार्गेरिता’ ही त्यांची आरामखुर्ची १९५१ च्या त्रिएन्नालेत झळकली होती. पण तिच्यात बसून जेवता येणार नाही, म्हणून ती येथे सोडून देतो.

बाजारात सर्वांत जास्त गोंधळ ‘चेस्का’ या खुर्चीने घातला आहे. पोलादी नळीच्या, मागचे पाय नसलेल्या चौकटीवर लाकडी कड आणि त्यात वेताची जाळी असलेली ही खुर्ची मार्सेल ब्रॉयर यांनी १९२८ मध्ये जर्मनीत आखली होती. १९६० च्या दशकात दिनो गावीना यांनी तिचे उत्पादन इटलीत सुरू केले आणि ब्रॉयर यांच्या मुलीच्या, फ्रांचेस्काच्या, नावावरून तिला हे नाव दिले. १९६८ मध्ये गावीनांची कंपनी नॉल या अमेरिकी कंपनीकडे गेली. त्यानंतर इटलीतील कितीतरी लहानमोठ्या कारखान्यांनी तिच्या नकला काढल्या आणि निर्यात केल्या. ‘शतकाच्या मध्यावरची इटालियन वेताची खुर्ची’ म्हणून इंटरनेटवर जे दिसते त्यात या नकलांचा भरणा मोठा आहे. त्या वाईट नाहीत, पण त्यांचा काळ बहुधा १९७० नंतरचा असतो आणि जाळी यंत्रावर विणलेली असते.

आणि मग उरतात त्या निनावी खुर्च्या. माझा जीव खरा त्यांच्यात अडकला आहे. मेदा, कांतू, लिस्सोने, मारियानो या ब्रियांत्सा परिसरातील गावांत आणि पूर्वेकडे, उदिनेजवळच्या मांत्सानोच्या आसपास, सुतारकाम हाच घरोघरचा धंदा होता. मांत्सानो, सान जोवान्नी अल नातिसोने आणि कोर्नो दि रोझात्सो या तीन गावांच्या पट्ट्याला तर खुर्च्यांचा त्रिकोण म्हणूनच ओळखतात. कांतूमध्ये १८८२ पासून कलाशाळा होती, आणि १९५५ पासून तेथे फर्निचरच्या आराखड्यांची स्पर्धाही भरू लागली. त्यामुळे एखाद्या नामवंत वास्तुकाराचा आराखडा एका कारखान्यात बनत असताना शेजारच्या गल्लीतील सुतार त्याची ठेवण पाहून, थोडी बदलून, थोडी स्वस्त करून आपल्या गिऱ्हाइकासाठी खुर्च्या बनवत असे. त्यावर ना शिक्का असे, ना चिठ्ठी. आज याच खुर्च्यांपुढे विक्रेते पोंती, इको पारिसी, पाओलो बुफ्फा यांची नावे जोडतात आणि पुढे बारीक अक्षरात ‘यांची असावी’ अशा अर्थाचा शब्द टाकतात. पोंतींच्या बाबतीत त्यांच्या वारसांनी चालवलेल्या दस्तऐवज-संग्रहाकडून तपासणीचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि लिलावगृहे ते मागतातही. ज्या खुर्चीबरोबर असे काही कागद नाही, ती निनावी समजून तिची किंमत करावी आणि निनावी म्हणूनच तिच्यावर प्रेम करावे, असे मला वाटते.

माझ्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्या अशाच आहेत. बीचचे लाकूड अक्रोडी रंगवलेले, पाय खाली निमुळते होत गेलेले, पाठीला वर एकच वळणदार पट्टी, आणि बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी पाडलेल्या छिद्रांतून हाताने विणलेली वेताची जाळी. त्या कोणी केल्या ते कळायला मार्ग नाही. बीच कसे ओळखायचे ते सोपे आहे: रंग कोणताही दिला तरी लाकडात तांदळाच्या कणीएवढे बारीक गडद ठिपके दिसतात. खुर्च्या घेताना जाळ्यांकडे मी फारसे पाहिले नाही. दोन फाटलेल्या होत्या आणि त्यामुळे भाव उतरला, हे माझ्या पथ्यावरच पडले. पाहिले ते सांधे. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून, बैठकीवर तळवा दाबून, पाठ हळूच पुढे-मागे हलवली की कोणता सांधा बोलतो ते कळते. सरस सुकून सुटलेला सांधा ही काळजीची गोष्ट नाही, कारण जुना प्राण्यांच्या कातड्याचा सरस कोमट पाण्याने मऊ होतो, सांधा मोकळा होतो आणि पुन्हा जोडता येतो. काळजी करावी ती कोणीतरी मधल्या काळात ठोकलेल्या खिळ्यांची, लोखंडी पट्ट्यांची आणि सांध्यात ओतलेल्या, कधीच न सुटणाऱ्या आधुनिक गोंदाची. दुसरी तपासणी किडीची. बीच लाकूड किडीला फार प्रिय आहे. पायांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसली तर खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच ठोकावी, आणि ताजी पिठूळ भुकटी पडली तर परत ठेवून द्यावी. छिद्रे जुनी आणि रिकामी असतील तर हरकत नाही.

माझ्या खुर्च्यांचे विणकाम करणाऱ्या बाई वयस्कर आहेत. काम अजून घेतात, पण थोडेच. वेताच्या पट्ट्या त्या आधी पाण्यात भिजवतात, कारण कोरडी पट्टी वळवताना चिरते. फार वेळ भिजवली तर काळवंडते. मग मागच्या छिद्रांतून पुढच्या छिद्रांत उभ्या पट्ट्या, त्यांवरून डावीकडून उजवीकडे आडव्या, पुन्हा उभ्या पण पहिल्या ओळीच्या किंचित बाजूला, पुन्हा आडव्या पण या वेळी वर-खाली गुंफत, आणि नंतर दोन्ही दिशांनी तिरप्या. या तिरप्या पट्ट्यांनीच जाळीला तिचा अष्टकोनी डोळा मिळतो आणि ताकदही मिळते. शेवटी कडेची छिद्रे झाकणारी जाड पट्टी बारीक पट्टीने बांधतात. चकचकीत बाजू नेहमी वर. पट्टी फार ताणायची नाही, कारण ओल्या वेताला सुकताना आपोआप ताण येतो. आधीच ताणलेली जाळी सुकली की छिद्रांच्या काठावर तुटते. सरावलेल्या हातालाही एका बैठकीला पुरता एक दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. आपल्याकडे अंध कारागिरांना हे काम शिकवण्याची जुनी रीत आहे असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना त्यात आश्चर्य वाटले नाही. तिरपी पट्टी त्या स्वतःही डोळ्यांनी न पाहता बोटांनीच चाचपत घालतात.

नवी जाळी जुन्या जाळीशेजारी काही महिने फिकट, जवळजवळ पांढरट दिसते. हा रंगाचा फरक लपवण्यासाठी चहाचे पाणी किंवा रंग लावण्याची पद्धत आहे. मी ते करू दिले नाही, कारण उजेडाने वेत आपोआप मधाच्या रंगाकडे जातो आणि घाई करण्यासारखे काही नसते. त्यावर वॉर्निश मात्र कोणी चढवू नये. वेताची वरची बाजू निसर्गतःच मेणचट असते, तिला वॉर्निशची गरज नाही. खालच्या खरखरीत बाजूने तो हवेतील ओल शोषून घेतो, आणि ती बाजू बंद केली की लवकर ठिसूळ होतो. इटलीतील हिवाळ्यात घरोघर गरम पाण्याचे रेडिएटर चालू असतात, हवा कोरडी पडते, आणि रेडिएटरला पाठ लावून ठेवलेली खुर्ची सर्वांत आधी फाटते. महिन्यातून एकदा खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारला आणि सावलीत वाळू दिली की सैल पडलेली जाळी पुन्हा ताठ होते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना या सल्ल्याचा उपयोग नाही. तेथे पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो, वेताला बुरशी धरते, आणि फवाऱ्याऐवजी वारा आणि कोरडे फडके लागते. दोन्हीकडे सारखा एकच नियम: खुर्चीवर गुडघा टेकून किंवा उभे राहून माळ्यावरचे काढायला जाऊ नये. बसणाऱ्याचा भार जाळीवर पसरतो, गुडघ्याचा आणि टाचेचा पसरत नाही.

भारतीय वाचकाला वेत आणि १९५० चे दशक म्हटले की चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांतील, पिएर जानरे यांच्या सागवानी खुर्च्या आठवतील. त्या इटालियन नाहीत, पण मुद्द्याला धरून आहेत: परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला जाणाऱ्या त्या खुर्च्यांपैकी अनेकांचे वेतकाम नव्याने केलेले असते, आणि त्यामुळे कोणीही त्यांना कमी अस्सल मानत नाही. हाच न्याय ब्रियांत्साच्या निनावी खुर्चीला लावायला काय हरकत आहे?

खरी अस्सलपणाची परीक्षा दुसऱ्याच जागी घ्यावी लागते. हाताने विणलेल्या जाळीसाठी चौकटीला छिद्रांची ओळ असते. यंत्राने विणून गुंडाळीत विकली जाणारी जाळी बसवायला छिद्रांऐवजी चौकटीत चारी बाजूंनी सलग खाच लागते; जाळी ओली करून त्या खाचेत दाबतात आणि वरून वेताची जाड काठी सरसात बसवून ती पक्की करतात. हे काम तासाभराचे आहे आणि त्याचा दर हातविणीच्या निम्म्याहूनही कमी पडतो. कच्च्या वेताचा सर्वांत मोठा साठा असलेल्या इंडोनेशियाने २०१२ पासून त्याच्या निर्यातीवर बंदी घातल्यामुळे हाताने विणायच्या चांगल्या, लांब पट्ट्या महाग झाल्या आहेत, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण छिद्रांच्या खुर्चीत गुंडाळीची जाळी बसवायची तर यंत्राने नवी खाच कोरावी लागते, आणि आधीच सडपातळ असलेल्या दांडीचे निम्मे लाकूड तेथे निघून जाते. ज्या दांडीने जाळीचा आतला ओढा सोसायचा तीच दुबळी होते, आणि पुढे कोणालाही ती पूर्ववत करता येत नाही. म्हणून खुर्ची घेताना मी ती उलटी करतो, जाळीकडे दुर्लक्ष करतो आणि चौकटीची खालची बाजू पाहतो. छिद्रे आरपार, मोकळी आणि एकसारख्या अंतरावर असली तर जाळी फाटकी असो वा नसो, खुर्ची घ्यावी. छिद्रांची ओळ खाली दिसत असून वर खाच कोरलेली असली, तर जाळी कितीही सुबक असली तरी मी ती खुर्ची जागेवर ठेवतो आणि पुढच्या मांडणीकडे वळतो.